शिडीच्या गोष्टी विकणारे आमचे साडू

आमचे साडू नेमकं काय करतात, हे मला लग्नानंतर बरीच वर्षं कळलं नव्हतं. सासुरवाडीत विचारलं की "त्यांचं खेळाडूंचं काहीतरी असतं" असं म्हणून सगळे विषय बदलत. मला वाटायचं, माणूस खेळाडूंना मोजे वगैरे पुरवत असेल. पुढे कळलं की एके काळी तेही पुरवत होते.

मूळचे ते खेळाच्या सामानाच्या दुकानात विक्रेते. एका दुपारी दुकानात एकोणीस वर्षांचा एक मुलगा बूट मागायला आला. त्याच्या मापाचे बूट दुकानात नव्हते आणि शहरातही नव्हते. साडूंनी चार ठिकाणी फोन फिरवले, आठवड्याभरात बूट आणून दिले आणि त्याच आठवड्यात त्याचे एजंटही झाले. कसे झाले ते दोघांपैकी कुणालाच नीट सांगता येत नाही. साडू म्हणतात, "मी त्याच्यातला खेळाडू ओळखला." तो म्हणतो, "बूट मिळाले."

त्या मुलाला सगळे शिडी म्हणत. तो बास्केटबॉल खेळायचा, आणि त्याच्यासारखा खेळणारा तेव्हा आसपास दुसरा नव्हता. हे मी साडूंच्या सांगण्यावरून म्हणत नाही, मी स्वतः पाहिलंय. बाकीचे नऊ जण धावत असायचे आणि हा जणू बस यायची वाट बघत उभा असायचा. मग बस यायची. बाकीच्यांना ती दिसायचीसुद्धा नाही.

दहा वर्षं साडूंनी त्याचे करार बघितले, जाहिराती बघितल्या. पण त्यांचं खरं काम होतं सारवासारव. शिडी प्यायचा. सराव चुकवायचा, भांडायचा, दोन-दोन दिवस गायब व्हायचा. मग साडू दारोदार जाऊन सांगायचे की त्याला ताप आहे. दर पंधरवड्याला शिडीला ताप यायचा. इतका ताप येणारा माणूस संघात नव्हे, दवाखान्यात हवा, असं प्रशिक्षक एकदा बोलून गेले. साडू शांतपणे म्हणाले, "तरी खेळतो, हेच तर मोठेपण." तोंडावरची माशीही हलली नाही. खोटं बोलावं तर आमच्या साडूंनी, हे मी कौतुकानेच म्हणतोय. माझं चष्म्याचं दुकान आहे. "ही फ्रेम तुम्हाला शोभते" एवढं एक खोटं बोलताना मला घाम फुटतो.

पुढे शिडीचा गुडघा गेला, पाठोपाठ संघ गेला, आणि एके दिवशी शिडीही कुठेतरी निघून गेला. साडूंच्या कचेरीत त्याचा एक भलामोठा फोटो आणि पाण्याचं एक यंत्र एवढंच उरलं. नवीन खेळाडू काही मिळाले, पण ते सगळे सज्जन निघाले. वेळेवर झोपायचे. सज्जन माणसाला एजंट कशाला लागतो?

अशात एका वाहिनीचा फोन आला. रविवारच्या खेळाच्या कार्यक्रमात जुन्या खेळाडूंच्या आठवणी सांगायला माणूस हवा होता, मानधन होतं. साडू गेले आणि त्यांनी शिडीच्या दारूची एक खरी गोष्ट सांगितली. लोकांना आवडली. पुढच्या रविवारी पुन्हा बोलावणं आलं. दहा वर्षं ज्या गोष्टींवर त्यांनी पांघरूण घातलं होतं, त्याच आता एकेक करून उघड्या करून विकायला काढल्या. एकाच मालाचे दोनदा पैसे मिळवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. हिची बहीण म्हणजे त्यांची बायको सुरुवातीला लाजायची. नंतर तीही लोकांना कार्यक्रमाची वेळ सांगायला लागली.

मी एकदा त्यांना विचारलं, "साडूभाऊ, हे सगळं खरं असतं?"

"घडलेलं सगळं खरं," ते म्हणाले. "वाक्य तेवढं माझं."

"कुठलं वाक्य?"

मग त्यांनी मला धंद्याची रीत समजावून सांगितली. नुसत्या घडलेल्याला गिऱ्हाईक नसतं. दारुड्याने काचेची टाकी फोडली, यात काय आहे? कुठलाही दारुडा फोडेल. पण फोडून झाल्यावर तो एक वाक्य बोलला पाहिजे. लोक टाकी विसरतात, वाक्य घरी घेऊन जातात.

म्हणजे असं. एका हॉटेलात शिडी माशांच्या टाकीला टेकला आणि टाकी फुटली, इतकं खरं. कार्यक्रमात साडूंनी सांगितलं की ओल्या गालिच्यावर बसून शिडी म्हणाला, "हे सुटले, आता माझं बघा." किंवा एका सामन्यात पंचांचा निर्णय न पटल्यामुळे शिडीने त्यांना काखेत धरून उचललं, हेही खरं. वाक्य साडूंचं: "आता इथून बघा, म्हणजे दिसेल." आपण हसलो की संपलं. खरा शिडी त्या वेळी काय म्हणाला होता, हे मी विचारलं. साडू म्हणाले, "काही नाही. तो बोलतोय कुठे."

या गोष्टी तीन वर्षं चालल्या. त्यातलीच एक शिडीच्या वडिलांची होती. ती तुम्हाला सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच झालं. मोठ्या सामन्याच्या आदल्या रात्री शिडी साडूंच्या घरी होता. त्याच्या बहिणीचा फोन साडूंना आला की बाबांचं काही खरं नाही, त्याला लगेच पाठवा. कार्यक्रमात साडू म्हणाले की शिडी तेव्हा बाटली घेऊन पत्ते खेळत बसला होता. निरोप ऐकून त्याने हातातली पानंसुद्धा खाली ठेवली नाहीत. म्हणाला, "बाबा काय पहिल्यांदा आजारी पडलेत?" पहाटे म्हातारे गेले. निवेदिकेने डोळे पुसले. त्या भागाइतके प्रेक्षक आधी कधी मिळाले नव्हते.

बहिणीने तो भाग पाहिला. तोवर, भावाला त्या रात्री ताप होता, अशीच तिची समजूत होती. तसं तिला सांगितलंही साडूंनीच होतं. त्या दिवसापासून तिने भावाला दार उघडलं नाही.

इकडे शिडीने दारू सोडली. खरोखर सोडली. औषधांच्या एका गोदामात त्याला नोकरी लागली. वरच्या फळ्यांवरची खोकी काढायला तिथे आता शिडी लागत नाही, असा विनोद ते लोक रोज करतात आणि हा रोज हसतो. दारू सोडलेल्यांची एक मंडळी आठवड्यातून एकदा जमते, तिथेही तो जायचा. तिथे त्याला सांगण्यात आलं, ज्यांना ज्यांना दुखावलंस त्यांची माफी माग. शिडीला हे पटलं. अडचण एवढीच होती की ती वर्षं त्याला मुळीच आठवत नव्हती. मग त्याने साडूंचे सगळे भाग बघितले आणि कामाला लागला.

हॉटेलात जाऊन तो व्यवस्थापकाला म्हणाला, "हे सुटले, आता माझं बघा, असं मी बोललो. बोलायला नको होतं." व्यवस्थापकाने त्याला जवळ घेतलं. म्हणाला, "मी तिथेच उभा होतो, माझ्या कानांनी ऐकलं, पण मी केव्हाच माफ केलंय." व्यवस्थापक त्या हॉटेलात टाकी फुटल्यानंतर दोन वर्षांनी लागला होता. पंचांनी तर कमाल केली. ते म्हणाले, "त्या वेळी मला गोंगाटात काही ऐकू आलं नव्हतं. पण कार्यक्रम पाहिल्यापासून स्पष्ट आठवतं." आणि ते वाक्य त्यांनी स्वतःच शिडीला म्हणून दाखवलं, आवाज काढून.

न बोललेल्या वाक्यांची माफी मागत एक माणूस गावभर हिंडत होता आणि माणसं ती देत होती. कुणाचंच अडत नव्हतं. अडलं ते बहिणीपाशी.

एका संध्याकाळी आम्ही दोघं साडूंकडे चहाला गेलो होतो, तेव्हा शिडी आला. मी त्याला इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होतो. खुर्चीत बसला तरी तो उभ्याने बोलल्यासारखा बोलत होता. साडूंना तो साहेब म्हणायचा. विकल्या गेलेल्या गोष्टींबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. उलट म्हणाला, "बरं झालं साहेब, तुम्ही सगळं लक्षात ठेवलंत. मला काहीच कळलं नसतं."

साडूंनी चहाचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"आता ताई राहिली," शिडी म्हणाला. "मला आणखी कुणी नाही. रविवारी जातोय. तुम्ही फक्त मला सांगा, मी आणखी काय काय बोललो होतो त्या रात्री. एकदाच सगळ्याची माफी मागतो. एखादं राहून गेलं तर ती परत दार लावेल."

स्वयंपाकघरात दोघी बहिणींचा आवाज थांबला. त्या घरात भिंतींना कान असतात आणि त्या कानांत बांगड्याही वाजतात.

"ते वाक्य माझं आहे," साडू म्हणाले.

"म्हणजे?"

"तू बोलला नाहीस. मी लावलं."

शिडीने बराच विचार केला. "आणि मासे?"

"मासे खरे. वाक्य माझं."

"पंच?"

"उचललेस तू. बोललो मी."

"मग मी काय बोलायचो, साहेब?"

"तू फारसा बोलायचास नाही रे. जेवलात का, असं विचारायचास लोकांना."

मला वाटलं, आता हा साडूंना उचलणार. मी माझी खुर्ची थोडी मागे घेतली. पण शिडी खाली बघून हसला, अगदी थोडं. मग म्हणाला, "मग त्या रात्री काय झालं होतं?"

साडू म्हणाले, "तुला निरोप सांगायचा खूप प्रयत्न केला. उठलाच नाहीस. शुद्धीत नव्हतास."

"हां," शिडी म्हणाला. "दुसऱ्या दिवशी सामना संपल्यावर तुम्ही हेच म्हणाला होतात. तेवढं आठवतं मला." त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येत नाही. आपल्यावरचा एक आळ गेला आणि दुसरा तसाच राहिला, हे कळलेल्या माणसाचा चेहरा कसा असेल, तसा.

साडू एकदम म्हणाले, "मी येतो रविवारी. मी सांगतो तिला, की ते वाक्य माझं होतं."

तो गेल्यावर मी म्हणालो, "साडूभाऊ, रविवारी कार्यक्रम असतो तुमचा."

"असू दे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून असं काही मी आधी ऐकलं नव्हतं. मला बरं वाटलं. थोडा रागही आला, कारण ही मागून म्हणाली, "तुम्हीही जा त्यांच्याबरोबर, गाडी घेऊन." रविवारी मी झोपतो.

शिडी माझ्या गाडीत कसा मावला, हा स्वतंत्र विषय आहे. बहीण तिसऱ्या मजल्यावर राहायची, लिफ्ट नव्हती. जिन्यात साडू पुटपुटत होते. काय बोलायचं त्याची तयारी चालली होती. लोकांना हसवायची किंवा रडवायची सवय असलेल्या माणसाला साधं बोलायचं असलं की किती तयारी लागते, ते मी मागून ऐकत होतो. दोनदा त्यांनी सुरुवात बदलली.

बहिणीने दार उघडलं ते अर्धंच. गळ्यात मोजायची टेप, दंडाला टाचण्यांची उशी. ती घरी शिवणकाम करायची. तिची नजर आधी भावाच्या पायांकडे गेली. त्याची पँट घोट्याच्या बरीच वर संपत होती. त्याच्या मापाची पँट बाजारात मिळत नाही, आणि ज्या घरात ती शिवली जायची त्या घराचं दार दोन वर्षं बंद होतं.

शिडी तोंड उघडणार, तेवढ्यात साडू पुढे झाले.

"ताई, माझं एक ऐकून घ्या. त्या कार्यक्रमात मी जे वाक्य सांगितलं, ते याचं नाही. माझं आहे. हा पत्ते खेळत नव्हता. पिऊन पडला होता, मी उठवत होतो, हा उठत नव्हता. बाबांबद्दल याने असा एक शब्दही काढला नाही. शपथ घेऊन सांगतो."

खरं सांगतो, साडू चांगलं बोलले. मसाला नाही, काही नाही. मी आत्तापर्यंत ऐकलेलं त्यांचं सगळ्यात साधं बोलणं होतं ते.

बहिणीने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या रात्री फोनवर म्हणालात, ताप आहे. मग टीव्हीवर म्हणालात, पत्ते खेळत होता. आता म्हणताय, पिऊन पडला होता. अजून काही शिल्लक आहे का?"

लांडगा आला रे आला म्हणून दहा वर्षं ओरडल्यावर कोण धावून येणार? मला त्यांची कीव आली. इतकी वर्षं खरं लपवलं, मग खोटं विकलं, आणि आज फुकट द्यायला आले तर कुणी हात लावेना.

"आजही सांभाळून घ्यायला आलात त्याला," ती म्हणाली. "सवयच आहे तुम्हाला." आणि दार लावायला लागली.

"ताई," शिडी म्हणाला.

दार थांबलं.

"मी काय बोललो, काय नाही, मला आठवत नाही. साहेब म्हणतात, नाही बोललो. ते खरं असेल, नसेलही. पण मी आलो नाही. बाबा वाट बघत होते आणि मी आलो नाही. तेवढं मला माहीत आहे. त्याला कुणाची साक्ष नको."

तिने टेप गळ्यातून काढली, हातात गुंडाळली. पुन्हा उलगडली.

"शेवटपर्यंत विचारत होते," ती म्हणाली. "मी म्हटलं, निघालाय. निघालाय, निघालाय, असं सारखं सांगत राहिले."

"हो," तो म्हणाला.

"आत ये," ती म्हणाली. "डोकं सांभाळ."

तो वाकून आत गेला. आमच्याकडे तिने बघितलंही नाही, आणि दार लागलं.

मी जिना उतरायला लागलो. एक माणूस दोन वर्षांनी आपल्या बहिणीच्या घरात शिरला होता, काम झालं होतं. घरी जाऊन थोडी झोप मिळाली असती. चार पायऱ्या उतरल्यावर लक्षात आलं की साडू मागे नाहीत. ते त्या दारासमोरच उभे होते.

"चला," मी म्हणालो. "मिटलं."

"नाही मिटलं," ते म्हणाले. "तो तिथे आत माफी मागतोय."

"मागू दे की. आला नाही, हे तर खरंच आहे."

साडूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. टीव्हीवर नाही आणि घरातही नाही. मग त्यांनी बेल दाबली.

बहिणीने दार उघडलं. तिचे डोळे लाल होते. "आता काय?" ती म्हणाली.

"त्या रात्री तो प्यायला नव्हता," साडू म्हणाले. त्यांचा आवाज एवढा बारीक झाला होता की मी दोन पायऱ्या वर चढलो. "सामन्यासाठी मी त्याला घरी आणून ठेवला होता. चार दिवस थेंब घेतला नव्हता त्याने. जेवून लवकर झोपला होता. तुमचा फोन आला, मी त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. शांत झोपला होता. उठवला असता तर गेला असता. सामना गेला असता. मी उठवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला म्हणालो, तू शुद्धीत नव्हतास. त्याने मान्य केलं. त्याला तरी काय आठवायचं, तो झोपला होता."

या वेळी तिने काही मोजून दाखवलं नाही. खरं आहे का, असंही विचारलं नाही. आतून शिडीचा आवाज आला, तो काहीतरी विचारत होता, पाणी कुठे ठेवलंय असं काहीतरी. ती दारात तशीच उभी राहिली. एका हाताने तिने चौकट धरली होती.

"इतकी वर्षं तो स्वतःला..." ती म्हणाली आणि तिथेच थांबली.

"हो," साडू म्हणाले.

"त्याला मी सांगू की तुम्ही सांगता?"

साडूंनी एकदा जिन्याकडे बघितलं. म्हणजे माझ्याकडे. मी भिंतीकडे बघितलं.

"मी सांगतो," ते म्हणाले.

"मग बूट बाहेर काढा," ती म्हणाली आणि दार पूर्ण उघडून बाजूला झाली.

साडू खाली वाकले. नाड्या सोडायला त्यांना फार वेळ लागला. मी मदत केली नाही.